पुराच्या वर्षाची

कुंभिवलीच्या नाक्यावर ठकूबाईची खानावळ आहे आणि तिला लागूनच माझं शिलाईचं दुकान. मधे फक्त पत्रा. त्यामुळे ठकूबाईचा आवाज मी कित्येक वर्षं फुकटात ऐकते आहे. आसपासच्या कंपन्यांत कंत्राटावर आलेली बाहेरगावची पोरं तिच्याकडे जेवतात, आणि त्यांना जे काही मराठी येतं ते तिच्या ओरड्यातून शिकलेलं. "भात टाकलास तर उद्या वाढनार नाय" हे वाक्य ओडिशातसुद्धा कुणाला तरी पाठ असेल. बाई तोंडाने फटकळ पण मनाने मऊ, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ती तोंडानेही कडक आहे आणि मनानेही. फक्त उपाशी माणूस तिला बघवत नाही, एवढंच.

तिच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, पण ते दुधाचे खाडे मांडायला. बाकी सगळं आयुष्य ती एकोणनव्वदच्या पुरापासून मोजते. आमच्या खालापूरकडची जुनी माणसं मोजतात तशी. नदी घरात शिरली ते वर्ष मधे, आणि बाकी सगळं पुराच्या आधी नाहीतर पुराच्या नंतर. तिचं लग्न पुराच्या आधीचं, नवरा रामभाऊ गेला तो पुराच्या नंतर लई वर्षांनी, आणि एकुलती एक लेक पुराच्या वर्षाची. लेकीचं वय कुणी विचारलं की ठकूबाई एवढंच सांगायची आणि विषय बदलायची.

लेक म्हणजे दीक्षा. ती कळंबला दिली आहे आणि तिथेच अंगणवाडीत सेविका आहे. जावई प्रीतम एका रिसॉर्टवर बागेचं आणि पंपाचं काम बघतो. माणूस गरीब स्वभावाचा, म्हणजे आईपुढे तोंड न उघडणारा. ठकूबाई लेकीशी रोज फोनवर बोलायची, पण तिला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. "बाय, जेवलीस काय गं? बाय, पाय सुजलं नाय ना?" आमच्याकडे मुलीला लाडाने बाय म्हणतातच, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकदा ठकूबाईने दीक्षाचा ब्लाऊज शिवायला टाकला तेव्हा चिठ्ठीवर कुणाचं नाव लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुला म्हाईत हाय ना, तूच लिव." तेव्हाही मी लिहून मोकळी झाले.

दीक्षाच्या लग्नाला अकरा वर्षं झालेली. मधे दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आतच गेले. घरात सासूचं एक ठरलेलं बोलणं होतं की कागदावर सून मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठी निघाली, आमच्या गळ्यात थोराड बाई बांधली, मग पोर कुठून व्हायचं. दीक्षा ऐकून घ्यायची. सकाळी अंगणवाडीत जाऊन लोकांच्या पोरांची नाकं पुसायची आणि संध्याकाळी परत येऊन ऐकून घ्यायची. या वेळी मात्र तिसरा महिना सरला, चौथा लागला, आणि आम्ही सगळे हलक्या पावलांनी चालू लागलो. ठकूबाईने लेकीसाठी डिंकाचे लाडू करायला घेतले आणि अर्धे करून ठेवून दिले. आत्ताच सगळे केले तर दृष्ट लागेल, म्हणाली.

मग एका दुपारी दीक्षा आणि प्रीतम न कळवता नाक्यावर उतरले. प्रीतमचा चेहरा बघूनच ठकूबाईच्या हातातला झारा कढईत तसाच राहिला.

"पॉझिटिव्ह आलंय," प्रीतम म्हणाला.

कोरोनानंतर या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे आहे. पोटातलं बाळ ठीक आहे का ते बघायला रक्ताची मार्करची टेस्ट केली होती, तिचा रिपोर्ट सकाळी मोबाईलवर आला होता आणि कळंबच्या मेडिकलवाल्याने तो बघून सांगितलं होतं की बाळात दोष आहे, मतिमंद होणार. त्याने औषधाच्या बाटल्यांवरचं वाचता वाचता एवढी विद्या कधी मिळवली कोण जाणे. दीक्षा बाकावर बसली होती आणि दोन्ही हात पोटावर ठेवून समोरच्या ट्रकांकडे बघत होती.

ठकूबाईने मोबाईल माझ्या हातात दिला. "सुपे, तू वाच."

माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं आणि त्यापुढे कपड्यांच्या लेबलांवरचं. तरी वाचलं. ट्रायसोमी एकवीस असं काहीतरी होतं, त्याच्यापुढे एकास दीडशे असा आकडा, आणि त्याखाली लाल पट्टी. लाल रंगाला भाषा लागत नाही.

"एकास दीडशे म्हणजे दीडशे पट ना ताई?" प्रीतमने विचारलं. "दीडशे पट धोका?"

"मला नाय कळत," मी म्हटलं. "आणि ज्याला नाय कळत त्याने बोलू नये. उद्या कर्जतला डॉक्टरांकडे चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं कर्जतला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी आधी दीक्षाला पाणी दिलं आणि मग रिपोर्ट बाजूला सारला.

"हा निकाल नाही," त्या म्हणाल्या. "ही चाळणी आहे. चाळणीत जे अडकतं ते सगळे खडेच असतात का? अख्खा तांदूळही अडकतो. ज्यांचा रिपोर्ट अगदी असाच आला आहे अशा दीडशे बायका तुमच्या अंगणवाडीसमोर उभ्या करा. त्यातल्या एकशे एकोणपन्नास जणींच्या बाळाला हा डाऊन सिंड्रोमचा त्रास नसतो. एकीच्या असतो. ती एक कोण, ते हा कागद सांगत नाही."

प्रीतमने सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच परत अडकला. "मग लाल का दाखवलंय मॅडम?"

"रेषा आखलीय म्हणून. अडीचशेमागे एक याच्या अलीकडे आलं की लाल, पलीकडे राहिलं की हिरवं. सोनोग्राफीत मला सध्या काही वेगळं दिसलेलं नाही. पण लाल आलंय, तर मी ते झाकून ठेवू शकत नाही."

ठकूबाई इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिने विचारलं, "रक्तात लई वाईट निघालं काय हो?"

"रक्तातलं थोडं इकडे-तिकडे आहे, फार नाही. खरा भार वयाचा आहे, आजी. आईचं वय जसं चढतं तशी बाळात एक गुणसूत्र जास्तीचं येण्याची शक्यता चढते. मशीन आधी आईचं वय धरतं आणि त्यावर रक्ताचे आकडे बसवतं. दीक्षाताईंचं आधारवरचं वय सदतीस, तिथूनच गणित सुरू झालं."

"वय कमी असतं तर?"

"तर आकडा उतरला असता. पण वय काय आपल्या हातात असतं?"

ठकूबाईने पदर सारखा केला. मी तिच्याकडे बघत होते, कारण ही बाई भाजीवाल्याशी एका जुडीवरून अर्धा तास भांडते आणि इथे तिने तोंड मिटलं.

डॉक्टरीणबाईंनी पुढचं समजावलं. रक्ताची आणखी एक टेस्ट असते, तीही चाळणीच, पण बारीक जाळीची. तिची किंमत प्रीतमने विचारली आणि परत त्या टेस्टचं नाव काढलं नाही. पक्कं सांगणारी तपासणी म्हणजे पोटातून सुई घालून बाळाभोवतालचं पाणी काढायचं आणि त्यातली गुणसूत्रं मोजायची. त्याला पनवेलला जावं लागेल. त्या सुईने बाळ जाण्याचा धोका असतो, पण कमी.

"किती कमी?" दीक्षाने विचारलं. तिचं त्या दिवसाचं हे पहिलं बोलणं.

"शेकड्यात एकाहूनही कमी."

"पहिलं गेलं तेव्हाही मला हेच सांगितलं होतं, मॅडम. परत होण्याचं प्रमाण कमी असतं म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "घाई करू नका, पण लांबवूही नका. आठवड्याभरात मला सांगा."

त्यानंतर खानावळीत जे चाललं ते मला पत्र्याआडून नीट कळत होतं, कारण काहीच ऐकू येत नव्हतं. पोरं यायची, गुपचूप जेवायची, जायची. एकाने पानात भात टाकला तरी ठकूबाई ओरडली नाही. तो पोरगाच घाबरून मला विचारायला आला की मावशीला बरं नाही का. आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी मशीन बंद केली आणि तिच्या चुलीपाशी जाऊन बसले.

"मावशी, बोल. असं गप्प बसलीस तर तुलाच काहीतरी व्हईल."

तिने भांडं घासता घासता विचारलं, "सुपे, वय खोटं निघालं तर सरकारी नोकरी जाते काय गं?"

"कुणाचं वय?"

"बायचं."

आणि मग तिने भांडं तसंच राखेत ठेवून मला सांगितलं. पुराच्या वर्षी तिला पहिली मुलगी झाली. पूर ओसरल्यावर सरकारी माणसं घरोघर फिरून माणसं, गुरं, पडलेल्या भिंती सगळं लिहीत होती. त्यात त्या पोरीचा जन्म नोंदला गेला आणि तिचा दाखला घरात आला. नाव लिहिलं दीक्षा. ती पोर चालायला लागली, बोलायला लागली, आणि तापाने गेली. मग तीन वर्षांच्या फरकाने दुसरी झाली, घरातच, सुईणीच्या हातात. तिची नोंद कुणी केली नाही. ती शाळेच्या वयाची झाली तेव्हा गुरुजी म्हणाले दाखला आणा. रामभाऊने घरात होता तो दाखला नेऊन दिला. पोरगी उफाड्याची होती, उशिरा शाळेत घातली म्हणून खपून गेलं. पुढे अंगणवाडीची जागा निघाली तेव्हा वयाची अट होती. खऱ्या वयाने ती बसत नव्हती, कागदावरच्या वयाने बसली.

"म्हंजे ती सदतीसची नाय. चौतीसची हाय."

माझं डोकं फिरलं. मी शिंपीण आहे, मला एवढं कळतं की दुसऱ्या बाईच्या मापावर बेतलेला ब्लाऊज हिच्या अंगात कसा बसेल. "मग तिथंच का नाय सांगितलंस? डॉक्टर समोर बसल्या व्हत्या. वय कमी असतं तर, असं विचारलंस आणि तोंड शिवून घेतलंस?"

"नोकरी हाय म्हनून त्या घरात तिला दोन घास मानानं मिळतात. पोर नाय, आनि नोकरीबी गेली तर काय राहिलं तिचं? आनि खोटा दाखला दिला म्हनून तिला धरून नेलं तर?"

"एवढंच?"

ठकूबाईने हात पुसले. ते बराच वेळ पुसत राहिली.

"तिला काय सांगू, सुपे? तू जिच्या नावानं जगतेस ती मेली म्हनून? ती पोटुशी हाय. आत्ता सांगू?"

तरी माझा राग जात नव्हता. मी तिला म्हटलं की तू सांगत नसशील तर मी सांगते. तिने माझा हात धरला, आणि भाकऱ्या थापून थापून त्या हाताची काय पकड झाली आहे ते मला तेव्हा कळलं. "तू नाय सांगायचंस. ती माझी हाय." मी गप्प बसले, पण पुढच्या दोन दिवसांत मी तीन ब्लाऊजच्या बाह्या उलट्या लावल्या.

मग विहीणबाईंचा फोन आला. ठकूबाईने तो चुलीजवळ उभ्यानेच घेतला आणि हात ओले म्हणून आवाज मोठा केला, त्यामुळे मीही ऐकलं. विहीणबाई म्हणत होत्या की सुईच्या भानगडीत पडायचं नाही. त्यांच्या ओळखीत एक जागा आहे, तिथे फार विचारत नाहीत. गुरुवारी नेऊन आणतो, दोन दिवसांत मोकळी होईल. अर्धवट पोर जन्माला घालून कुणी सांभाळायचं? प्रीतमही तयार आहे.

"आनि बाय?" ठकूबाईने विचारलं.

"ती काय बोलते? ती बसून आहे."

ठकूबाईने फोन ठेवला. चुलीवरचा भात उतरवला. पोरांना म्हणाली की वाढून घ्या, दार ओढून घ्या, संध्याकाळी जेवण नाही. रामभाऊ वारला तेव्हासुद्धा तिने तेराव्या दिवसाची वाट न बघता चूल पेटवली होती, आणि आज भरदुपारी ती चूल विझवून माझ्यापुढे उभी राहिली. "तुझी गाडी काड."

ठकूबाई स्कूटीवर पहिल्यांदा बसली ती तेव्हा. खोपोली, कर्जत, पुढे कळंबचा रस्ता, सगळी वाट तिने माझ्या कमरेला अशी मिठी मारली होती की मला श्वास घेता येत नव्हता. ट्रक जवळून गेला तरी ओरडली नाही. मला वाटत होतं की हिने मधेच कुठेतरी उतरून परत चल म्हणू नये. कळंब आलं तशी ती पाठीमागे काहीतरी पुटपुटायला लागली. मी कान दिला. ती वाक्य जुळवत होती, मोडत होती, परत पहिल्यापासून जुळवत होती.

दीक्षा ओटीवर बसली होती. शेजारी एक पिशवी भरलेली, वर टॉवेल. विहीणबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या आणि प्रीतम पायरीवर. आम्हाला बघून विहीणबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुम्हीच समजवा आता. रडून काय उपयोग?"

"मी कुठं रडतेय," दीक्षा म्हणाली. आणि खरंच ती रडत नव्हती.

ठकूबाईने पाण्याचा तांब्या घेतला नाही. ती लेकीसमोर खाली बसली. मला वाटलं होतं की ती दीक्षाला आत नेऊन दार लावून सांगेल. विहीणबाईंच्या कानावर ही गोष्ट गेली तर उद्या कचेरीत जायला वेळ लागणार नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी ती तिथेच सगळ्यांपुढे बोलली.

"बाय, तू पुराच्या वर्षाची नाय. पुराच्या वर्षाची तुझी भन."

दीक्षाला काही कळलं नाही. ठकूबाईने तिला सगळं सांगितलं. वाटेवर जुळवलेलं एकही वाक्य नीट आलं नाही. दाखल्याचं आधी आलं, तापाचं नंतर, पूर शेवटी. मधे एकदा विहीणबाई "म्हणजे आम्हाला फसवून" असं म्हणायला लागल्या तेव्हा प्रीतम म्हणाला, "आई, थांब जरा." लग्नानंतर त्याने आईला थांबवलेलं बहुतेक पहिलंच.

दीक्षाने विचारलं, "ती किती वर्षांची होती?"

"अडीच. चालायची. मला आये म्हनायची."

"आणि मला माहीत नाही. एवढी वर्षं." तिचा आवाज चढला नाही, पण मला तिथून उठून जावंसं वाटलं. "मग माझं नाव काय ठेवलं होतं?"

ठकूबाई जमिनीकडे बघत होती. "ठेवलंच नाय. भ्या वाटायचं. तिचं ठेवलं आनि ती गेली. तुझं ठेवलं तर तूबी जाशील असं वाटायचं. उद्या ठेवू, परवा ठेवू. बाय बाय करता तू शाळंच्या वयाची झालीस. गुरुजींनी दाखला मागितला. घरात एकच व्हता."

विहीणबाईंच्या सुपातले तांदूळ तसेच राहिले. मग त्यांनीच तोंड उघडलं. "हे बाहेर कळलं तर हिची नोकरी जाईल."

"जाऊ दे," ठकूबाई म्हणाली. "खानावळ तिच्या नावावर करते. पन गुरुवारी तिला कुठं न्यायचं नाय. चुकीच्या वयावर माझं नातवंड मारायचं नाय."

प्रीतम पायरीवर बोटं मोजत होता. "म्हणजे दीक्षा माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान," तो म्हणाला. एवढ्या सगळ्यातून त्याच्या हाती हे लागलं होतं. पण विहीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. अकरा वर्षं जे हत्यार त्या परजत होत्या, त्याची धारच गेली. नंतरही त्यांनी ही गोष्ट कुठे बोलून दाखवली नाही. सुनेचं मानधन त्यांच्याच घरात येतं आणि थोराड सुनेपेक्षा लहान सून बरी, एवढा हिशोब त्यांना येतो.

दीक्षा उठली, आईकडे न बघता आत गेली आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आम्हाला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. वय चुकीचं सांगितलं गेलं. तीन वर्षांनी कमी. नाही, कागद नाही. आई आहे. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मॅडमना दाखला नकोय. त्या म्हणाल्या, मला कचेरीत काही कळवायचं नाही, मला गणित दुरुस्त करायचंय. रक्ताचे आकडे तेच धरून लॅबकडून परत करून घेतील." मग तिने ती भरलेली पिशवी उचलली आणि खुंटीला अडकवली. "गुरुवारी मी अंगणवाडीत असेन."

निरोप येईपर्यंतचे दिवस मला अजून आठवतात. आकडा उतरलाच नाही तर? तोंड उघडून ठकूबाईने सगळं पणाला लावलं होतं आणि पदरात काय पडेल ते त्या मशीनलाच ठाऊक. दीक्षा आईचा फोन घेत नव्हती. ठकूबाई रोज लावायची, वाजू द्यायची, ठेवायची. एकदा मला म्हणाली, "नाय घेत तर नाय घेऊ दे. वाजला म्हंजे तिला कळतं ना, मी हाय."

शेवटी दीक्षाने स्वतःच फोन केला. उद्या कर्जतला ये, एवढंच.

नवा रिपोर्ट होता तीनशेदहामागे एक. पट्टी हिरवी. प्रीतमने हात जोडले, पण डॉक्टरीणबाईंनी त्याला थांबवलं. "रेषेच्या पलीकडे गेलंय, आणि फार लांबही गेलेलं नाही. हे शून्य नाही, हे नीट ऐका. पहिल्या आकड्यातही बाळ चांगलं असण्याचीच शक्यता जास्त होती. आता ती आणखी थोडी वाढली. या आकड्याला मी स्वतःहून सुई सुचवत नाही. तुम्हाला पक्कं कळायलाच हवं असेल तर मात्र करता येईल."

सगळे दीक्षाकडे बघायला लागले.

"माझ्या अंगणवाडीत तशी एक मुलगी आहे, मॅडम," ती म्हणाली. "सकाळी दारातून पळत येते आणि सगळ्यांच्या आधी मला मिठी मारते. तसं बाळ झालं तर माझं काय होईल, ही भीती मला नव्हती. लोक ते बाळ माझ्यापर्यंत येऊच देणार नाहीत, ही होती. सुई नको."

ठकूबाई तिच्या शेजारी बसली होती. दीक्षाने तिच्याकडे बघितलं नाही, पण उठताना आधाराला हात तिच्याच खांद्यावर ठेवला.

खानावळीत परत आवाज सुरू झाला. अर्धे राहिलेले लाडू पूर्ण झाले. पण शून्य नाही हा शब्द आमच्या सगळ्यांच्या मनात शेवटपर्यंत होता. डॉक्टरीणबाईंनी तो मुद्दामच तिथे ठेवला होता आणि ते बरोबरच होतं. ठकूबाई कधी कधी पोळी लाटता लाटता थांबायची आणि म्हणायची, "तीनशेदहा बाया म्हंजे किती गं सुपे? आपल्या नाक्यावर मावतील काय?"

कळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही कर्जतला पोहोचेपर्यंत मुलगी झालेली होती. बालरोगतज्ज्ञ येऊन तिला उलटीसुलटी करून बघत होते. डोळे, कान, तळहात. ठकूबाई दारातच भिंत धरून उभी होती, आत यायला तयार नाही. डॉक्टर बराच वेळ घेत होते. मग त्यांनी बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि म्हणाले की बाळ चांगलं आहे, जोरात रडतं आहे, आणखी काय हवं.

नर्सने पाळण्यावरच्या पट्टीवर दीक्षाचं बाळ असं लिहिलं. नाव सावकाश ठेवा, घाई नाही, म्हणाली.

"घाई हाय," ठकूबाई म्हणाली आणि आत आली. तिने बाळ उचललं, तोंडाजवळ घेतलं आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं म्हणाली, "उत्पला. हिचं नाव उत्पला."

विहीणबाई गडबडल्या. नामकरण व्हायचंय, नाव आत्याने ठेवायचं असतं, लोकांना बोलवायचंय. ठकूबाई म्हणाली, "तुमी सगळं करा मागनं. मी पेढं वाटते. नाव आत्ताच."

दीक्षा उशीला टेकून बघत होती. ठकूबाई तिच्यापाशी गेली. दोन पावलांवर थांबली, जणू तिथे उंबरा होता.

"दीक्षा," ती म्हणाली. "घे हिला."

दीक्षाने हात पुढे केले नाहीत. आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळू विचारलं, "कुणाला हाक मारलीस, आई?"

"दोघींना. तुला आनि तुझ्या भनीला."

मला पुढचं नीट दिसलं नाही. ऐकू मात्र आलं, कारण ठकूबाईने बाळ लेकीच्या मांडीवर ठेवलं आणि लगेच ओरडली की पोर भुकेलीय, पाजायचं का नुसतं बघत बसायचं.